पाना-पक्कड : एका फेरीचा हिशोब

मागच्या महिन्यात खामल्याच्या एका वाचकाला गिअरबॉक्सबद्दल उत्तर देताना मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो : 'अमेरिकेत स्टॉक कारच्या ऐन शर्यतीत एका छोट्या टीमच्या माणसाचा पहिला गिअर तुटला, तरी तो त्या दिवशी चॅम्पियन झाला, तुम्हाला तर फक्त बर्डीपर्यंत जायचं आहे.' ओळ गमतीची होती. पण पत्रं आली ती सगळी त्या ओळीवरच. खामल्याच्या गिअरबॉक्सचं काय झालं हे एकानेही विचारलं नाही. (बेअरिंग गेलं होतं. बदललं.) तेव्हा क्लचप्लेट, मायलेज आणि 'सेकंडहँड घेऊ की नवीन' हे नेहमीचे प्रश्न या अंकात थांबवून ठेवले आहेत.

प्रश्न : ती शर्यत 'स्टॉक कार'ची होती असं तुम्ही लिहिलं होतं. स्टॉक म्हणजे शोरूममधून काढली तशीच गाडी ना? मग सगळ्यांच्या गाड्या सारख्याच. त्यात छोटी टीम, मोठी टीम हा फरक कुठून आला?
— एक वाचक, कामठी

उत्तर : भाऊ, नाव तसंच पडलं आणि सुरुवातही तशीच झाली. स्टॉक म्हणजे दुकानातल्या मालातली. या शर्यती भरवणारी नॅसकार ही संस्था १९४८च्या फेब्रुवारीत बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. जून १९४९मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शार्लटला त्यांनी निव्वळ स्टॉक गाड्यांची पहिली शर्यत घेतली. गाडी जशी विकत मिळते तशीच पळवायची, ही अट. ग्लेन डनवे पहिला आला. मग तपासणाऱ्यांनी त्याच्या फोर्डच्या खाली डोकं घातलं, तर मागच्या स्प्रिंगमध्ये कारागिरी केलेली. ती गाडी चोरट्या दारूच्या धंद्यातली होती. डिकीत माल भरला की गाडी मागून बसते, आणि मागून बसलेली गाडी पोलिसाला लांबूनच कळते, म्हणून त्या धंद्यातले लोक स्प्रिंग टणक करून घेत. वळणावर त्याचा फायदा होतो तो वरकड. डनवेचा नंबर गेला आणि लिंकन घेऊन आलेल्या जिम रोपरला विजेता ठरवलं. म्हणजे या खेळातली लबाडी पहिल्याच दिवशी पकडली गेली, आणि तीही पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांची! आमच्या धंद्यातल्या माणसाला याचं काही विशेष वाटत नाही. मोहाची ने-आण करणाऱ्या एका मेटॅडोरचे पाटे मी स्वतः... जाऊ द्या, संपादक कापतील.

पुढे 'स्टॉक' फक्त नावाला उरलं. मी ज्या माणसाबद्दल लिहिलं त्याच्या काळात, म्हणजे १९९०च्या आसपास, वरचा पत्रा तेवढा शोरूमच्या गाडीसारखा दिसायचा. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा. दार उघडतच नाही, ड्रायव्हर खिडकीतून आत उतरतो. हेडलाइटच्या जागी हेडलाइटचं स्टिकर. इंजिन सुमारे ५.८ लिटरचं व्ही-८, आणि त्यावर कार्बोरेटर. हा कार्बोरेटर त्यांनी २०१२पर्यंत सोडला नाही! आपल्या मारुती ८००ला इंजेक्शन आलं ते त्याच्या कितीतरी आधी.

आता फरकाचं. शंकरपट पाहिला असेल तुम्ही. सगळ्यांच्या बैलांना पायच चार-चार. पण एकाच्या गोठ्यात एकच जोडी आणि दुसऱ्याकडे सहा, त्यातली आज जी चांगली ती जुंपायची. वर खुराकाला माणूस वेगळा, मालिशीला वेगळा. इथेही तेच. मोठ्या टीमकडे गाड्यांची रांग, इंजिनाचा स्वतःचा कारखाना, पगारी माणसं. छोट्या टीमकडे जी गाडी रविवारी ठोकली तीच सोमवारी ठोकून सरळ करायची.

प्रश्न : माझा मुलगा हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचे आठ-दहा मित्र मिळून कॉलेजांच्या स्पर्धेसाठी छोटी गाडी बांधत आहेत. पैसे नाहीत, बाकीच्या कॉलेजांना मोठे स्पॉन्सर आहेत. तुमची ओळ वाचून तो म्हणाला, 'पाहा, छोटी टीमपण जिंकते.' त्याचे बाबा म्हणतात, 'ह्या सांगायच्या गोष्टी असतात, शेवटी पैसाच जिंकतो.' घरात रोज हाच वाद. खरं काय ते तुम्हीच सांगा.
— एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, थोडं लांबेल. दोघांचंही थोडं खरं आणि थोडं चूक आहे.

माणसाचं नाव अ‍ॅलन कुलविकी. जन्म १९५४, विस्कॉन्सिन राज्यातला, म्हणजे अमेरिकेच्या थंड उत्तरेतला. घराणं पोलिश. वडील एका शर्यतीच्या टीमसाठी इंजिनं बांधायचे. मुलाने १९७७मध्ये मिलवॉकीच्या विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. माझा भाचा पुढे त्याच विद्यापीठात शिकायला गेला, त्याच्याचकडून मला हे वेड लागलं. सुट्टीत आला की चॉकलेटऐवजी मोटारींची जुनी मासिकं आणायचा. बहीण चिडायची.

स्टॉक कारचा खेळ तेव्हा दक्षिणेकडच्या लोकांचा. तिकडचे ड्रायव्हर गॅरेजात वाढलेले, बोलीही वेगळी. त्यात हा उत्तरेचा, डिग्रीवाला, हातात ब्रीफकेस घेऊन गॅरेजात यायचा. लोक हसायचे. आपल्याकडे ग्रीसच्या खड्ड्यात कोणी इस्त्रीचा शर्ट घालून उतरला तर पोट्टे काय म्हणतील, तसंच. १९८५मध्ये होतं नव्हतं ते विकून तो शार्लटला निघाला. निघायच्या दोन दिवस आधी त्याच्या ट्रकमध्ये वायरिंगला आग लागून ट्रक जळाला. दुसऱ्याचा ट्रक मागून त्याला ट्रेलर जोडला आणि गेला.

१९८६मध्ये ज्याच्या टीमसाठी गाडी चालवत होता त्या मालकाने हंगामाच्या मध्येच हात काढून घेतला. तेव्हा कुलविकीने स्वतःची टीम केली. एक गाडी, दोन इंजिनं आणि दोन पूर्णवेळ माणसं. मालक तोच, ड्रायव्हर तोच, मुख्य मिस्त्रीही तोच. एवढ्यावर त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

इथे तुमच्या यजमानांचा मुद्दा येतो. पैसा लागलाच. पुढच्या वर्षी त्याला झेरेक्स नावाच्या कूलंटचा स्पॉन्सर मिळाला, आणि त्याशिवाय टीम टिकलीच नसती. (रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ४५ डिग्रीत चालणारी गाडी आहे तुमची. कूलंट हा चोचला नाही.) १९८८च्या नोव्हेंबरमध्ये फिनिक्सला तो पहिल्यांदा जिंकला आणि जिंकल्यावर त्याने मैदानाला उलटी चक्कर मारली. ड्रायव्हरची बाजू लोकांकडे येते, हात करता येतो, हे कारण. त्याला सगळे 'पोलिश विजयफेरी' म्हणू लागले.

मग आमिष आलं. ज्युनिअर जॉन्सन हे तिथलं फार मोठं नाव. तरुणपणी स्वतः चोरटी दारू वाहिलेला, नंतर ड्रायव्हर, नंतर टीममालक. त्याने कुलविकीला दहा लाख डॉलर देऊ केले : आपली टीम बंद कर, माझी गाडी चालव. कुलविकी नाही म्हणाला. एवढंच नाही, पुढे १९९१चा हंगाम उघडला तेव्हा त्याच्या हातात वर्षभराचा स्पॉन्सरच नव्हता. अटलांटाच्या शर्यतीत हूटर्स या हॉटेलवाल्यांच्या नावाची दुसरी एक गाडी पात्रच ठरली नाही, तेव्हा ते नाव त्याच्या ७ नंबरच्या गाडीवर आलं आणि टिकलं. तुमच्या मुलाला सांगा, स्पॉन्सर असाही मिळतो. फक्त त्या दिवशी आपली गाडी मैदानावर उभी पाहिजे.

आता १९९२. चॅम्पियन ठरायचा तो हंगामातल्या सगळ्या शर्यतींचे गुण मिळून. हंगामाच्या सहा शर्यती उरल्या होत्या. डोव्हरला त्याची गाडी ठोकली आणि तो पहिल्या नंबरपासून २७८ गुण मागे पडला. शर्यत जिंकल्यावर मिळायचे १७५ गुण, यावरून दरी केवढी ते पाहा. बहुतेकांनी त्याचं नाव यादीतून काढलं असणार. पण पुढचे अडखळत गेले, हा नेमाने पुढे येत गेला. शेवटच्या शर्यतीला, १५ नोव्हेंबरला अटलांटात, डेव्ही अ‍ॅलिसन सगळ्यांत पुढे, कुलविकी ३० गुण मागे, बिल इलियट ४० गुण मागे. आणि इलियट ज्याची गाडी चालवत होता तो मालक कोण? तोच, ज्युनिअर जॉन्सन.

कुलविकीची गाडी फोर्ड थंडरबर्ड. पुढच्या बंपरवर जे 'थंडरबर्ड' लिहिलेलं असतं त्यातली पहिली दोन अक्षरं त्याने रीतसर परवानगी घेऊन काढून टाकली. इंग्रजीत उरलं 'अंडरबर्ड'. सगळ्यांच्या खालचा पक्षी! ब्रीफकेसवाल्याला विनोदही येत होता.

शर्यत ३२८ फेऱ्यांची, सुमारे ८०० किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग नागपूरहून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर. त्याहून शंभर जास्त, आणि तेही गोल गोल. पहिल्या पिटला, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी मध्ये थांबायच्या जागी, गाडी थांबली आणि निघताना पहिला गिअर तुटला. आता गिअर तुटला म्हणजे गिअर गेला एवढंच नसतं, ताई. तुटलेला दात गिअरबॉक्सच्या तेलात मोकळा फिरत असतो. गिअरची कांडी हलवली की आतला गिअर सरकतो, तो तुकडा दोन चांगल्या दातांच्या मध्ये आला की कडाक्कन सगळंच संपतं. म्हणून त्यांनी ठरवलं, कांडी हलवायचीच नाही. थांबलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये उचलायची. नंतरचे तीनही थांबे तसेच. तुमच्या घरची गाडी चौथ्यात उचलून पाहा (नका पाहू), इंजिन आचके देऊन बंद पडतं. क्लच अर्धवट धरून, जळका वास येईपर्यंत घासत, ती बाहेर काढावी लागते. तेवढ्यात बाकीचे निघून जातात.

पुढे अर्नी अरव्हनच्या गाडीशी झालेल्या अपघातात अ‍ॅलिसन बाहेर पडला. राहिले दोघे, कुलविकी आणि इलियट.

इथून पुढे वही-पेन्सिल घ्या. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०. एक फेरी जरी सगळ्यांच्या पुढे काढली तरी ५ जादा. आणि ज्याने सर्वांत जास्त फेऱ्या पुढे राहून काढल्या त्याला आणखी ५. इलियट शर्यत जिंकू शकतो हे कुलविकीच्या टीमला दिसत होतं. मग त्यांनी जिंकायचा नाद सोडला आणि फेऱ्या मोजायला घेतल्या. पॉल अँड्र्यूज हा त्याचा क्रू चीफ, म्हणजे पिटमधल्या माणसांचा म्होरक्या. त्याने हिशोब मांडला की आपण अमुक फेरीपर्यंत पुढे राहिलो तर इलियटने उरलेल्या सगळ्या फेऱ्या काढल्या तरी तो आपल्याला गाठत नाही. त्या फेरीपर्यंत कुलविकीला आत बोलावलंच नाही. टाकीतलं पेट्रोल कमी होत होतं, तरी नाही. कुलविकीच्या पुढे राहून काढलेल्या १०३ फेऱ्या भरल्या आणि मग तो आत आला. टायर बदलले नाहीत, नुसतं पेट्रोल. घाईत तेही हवं तेवढं गेलं नाही. शेवटच्या फेऱ्या त्याने पेट्रोल जपत काढल्या.

इलियट जिंकला. कुलविकी दुसरा. इलियटच्या फेऱ्या १०२.

आता बेरीज करा. इलियट : १७५ आणि ५, म्हणजे १८०. कुलविकी : १७० आणि ५ आणि ५, म्हणजे १८०. दोघांना सारखेच! म्हणून सकाळचा १० गुणांचा फरक संध्याकाळी तसाच राहिला : ४०७८ विरुद्ध ४०६८. आणि ती एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर? इलियट १८५, कुलविकी १७५, वर्षभराची बेरीज दोघांची ४०७३. बरोबरी झाली तर ज्याने जास्त शर्यती जिंकल्या तो चॅम्पियन. इलियटच्या त्या वर्षी पाच, कुलविकीच्या दोन. म्हणजे एका फेरीवर, अडीच किलोमीटरच्या एका चकरेवर, आख्खं वर्ष फिरलं असतं. मी हे गणित गॅरेजच्या शटरवर खडूने लिहून पोट्ट्यांना समजावलं होतं. एकाने विचारलं, 'उस्ताद, मग जिंकला काहून नाही तो?' त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

गाडी थांबल्यावर कुलविकीने काय केलं असेल? टीव्हीवाले धावत आले, बाहेर माणसं ओरडत होती, आणि हा आत बसून कंगव्याने भांग पाडत होता. कंगवा गाडीतच असायचा.

आता तुमच्या घरचा वाद. मुलगा म्हणतो छोटी टीम जिंकते. छोटी असल्यामुळे ती जिंकली नाही, ताई. छोटेपणाचा कुलविकीला तोटाच झाला. त्याच्या हाताखाली काम करणं फार कठीण होतं, सगळं आपल्याच मनासारखं हवं असायचं आणि माणसं सोडून जायची. पण पैसा कुठे लावायचा, गाडी कुठवर ताणायची आणि कधी नाही म्हणायचं, हे ठरवणारं डोकं एकच होतं आणि ते स्वतः स्टिअरिंगवर बसलेलं होतं. पिटमधून आलेला हिशोब त्याला समजावून सांगावा लागला नसणार. मोठ्या टीमकडे हा हिशोब करणारी माणसं नव्हती असं नाही. पण १०३ आधी ज्याने मोजले तो चॅम्पियन झाला. यजमानांनाही सांगा, दहा लाख डॉलरवाल्याची गाडी त्या दिवशी शर्यत जिंकूनही वर्षाच्या हिशोबात मागे राहिली.

माझंही ऐका, म्हणजे मी हे नुसतं मासिकं वाचून लिहीत नाही हे कळेल. १९८९-९०च्या सुमारास मी, माझा साळा आणि गॅरेजचा हेल्पर अशी आमची तिघांची 'टीम' होती. गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर. रामटेकच्या पुढे देवलापारकडच्या जंगलरस्त्यावर एक रॅली होती. मे महिना. पद्मिनीला उन्हाळ्यात एक खोड : पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला, तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चालता चालता मान टाकते. नागपुरात त्या काळी प्रत्येक फियाटवाला डिकीत पाण्याची बाटली आणि धोतराचं फडकं ठेवायचा. बोनेट उघडायचं, फडकं भिजवून पंपावर गुंडाळायचं, 'चर्र' आवाज यायचा, दोन मिनिटांत गाडी सुरू. आम्ही तर निघतानाच फडकं गुंडाळलं आणि साळ्याकडे बाटली दिली. दर वीस किलोमीटरला थांबून तो शिंपडायचा, देवाला पाणी घालतात तसा.

मनसरच्या अलीकडे गिअर अडकला. स्टिअरिंगवरच्या गिअरला खालून दोन दांड्या जातात, त्यांचे बुश झिजले की दोन्ही दांड्या एकमेकींत अडकून बसतात. हे माझंच काम, गाडी देण्याआधी मी लोकांचे बुश बदलून द्यायचो, आपल्या गाडीचे राहिले. उतरलो, बोनेट उघडलं, हाताने दांडी ओढून सोडवली. कोपरापासून मनगटापर्यंत चटका. पुन्हा तसंच होऊ नये म्हणून पुढचा सगळा रस्ता मी तिसऱ्यातच काढला. आणि गाडी अशी पळाली म्हणता! शेवटच्या चौकीवर आम्ही सगळ्यांच्या आधी. साळ्याने गुलाल नाही म्हणून कुंकू काढलं खिशातून.

निकाल लागला तेव्हा आमचा नंबर खालून दुसरा. ती रॅली वेळेच्या हिशोबाची होती. ठरलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तर दंड आणि लवकर पोचलं तरी दंड. नियमांचा कागद आमच्याकडे होता. हेल्परने त्यात तर्री-पोह्यासोबतची भजी गुंडाळली होती. गाडी होती, हात होते, तिघांपैकी मोजणारा कोणी नव्हता.

म्हणून चिरंजीवांना एवढंच विचारा : तुमच्या टीममध्ये गुणांचा तक्ता कोणाला पाठ आहे? या कॉलेजांच्या स्पर्धांत गुण फक्त पळण्याला नसतात. खर्चाच्या अहवालाला असतात, डिझाइन समजावून सांगण्याला असतात. तिथे स्पॉन्सर लागत नाही. एका पोराला पाना खाली ठेवून वही घेऊन बसवा. कोणी तयार होणार नाही, सगळ्यांना वेल्डिंगच करायचं असतं. पण बसवा.

प्रश्न : तुमच्या त्या चॅम्पियनची टीम आता आहे का? असेल तर कोणती गाडी आहे?
— इयत्ता नववीतली एक वाचक, वर्धा

उत्तर : नाही बेटा. चॅम्पियन झाल्यावर पाच महिनेही गेले नाहीत. १ एप्रिल १९९३ला ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना त्याचं छोटं विमान कोसळलं. तो ३८ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी वाहणारा ट्रक ब्रिस्टलच्या मैदानात आला. मोठा, लांब ट्रक, आपल्या कंटेनरसारखा. समोर काळी पुष्पमाळ बांधलेली. त्या ट्रकने रिकाम्या मैदानाला हळूहळू फेऱ्या मारल्या आणि बाहेर पडला. त्या रविवारी रस्टी वॉलेस जिंकला. त्याने उलटी चक्कर मारली, पोलिश विजयफेरी.

टीम त्याच वर्षी जेफ बोडाइन या ड्रायव्हरने विकत घेतली. ७ नंबर कायम ठेवला, १९९४मध्ये तीन शर्यतीही जिंकल्या. नंतर ती आणखी हातांत गेली आणि मूळची टीम राहिली नाही. स्वतःच्या टीमची गाडी चालवून चॅम्पियन होणारा पुढचा ड्रायव्हर आला तो थेट २०११मध्ये, टोनी स्टुअर्ट, आणि तोही भागीदारीतला मालक. कुलविकीचं नाव नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये २०१९ला लागलं. तुला गाड्यांची आवड दिसते. वर्ध्यात कोणी मिस्त्री ओळखीचा असेल तर सुट्टीत त्याच्याकडे एक कार्बोरेटर उघडून बघ. आता भंगारात स्वस्त मिळतात. स्प्रिंगा उडतात, चादर अंथरून बस.

प्रश्न : त्या गृहस्थांनी शेवटी पेट्रोल वाचवलं म्हणजे नेमकं काय केलं? मी सेमिनरी हिल्सला राहतो. उताराला गाडी न्यूट्रल करतो, कधी इंजिनही बंद करतो. सौ. रागावतात. पेट्रोल वाचतं की नाही?
— निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर

उत्तर : साहेब, सौ. बरोबर आहेत.

शर्यतीत पेट्रोल वाचवायचं तर ड्रायव्हर वळणाच्या बराच आधी पाय उचलतो, गाडी आपल्या वेगाने वळणात जाऊ देतो आणि बाहेर पडताना पाय हळू दाबतो. त्या गाड्यांच्या टाकीत बावीस गॅलन, म्हणजे आपल्या मापाने सुमारे ८३ लिटर, आणि लिटरला दोनेक किलोमीटर. तिथे पायाच्या बोटाचाही हिशोब होतो.

तुमची सवय कार्बोरेटरच्या काळातली आहे. तेव्हा उताराला गिअरमध्ये ठेवलं तरी इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं, त्यामुळे न्यूट्रल करण्यात काही अर्थ होता. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत तर उलट इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही वाचवत नाही, जाळता. आणि इंजिन बंद केलंत तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होतं. उताराच्या खाली चौक आहे. तिसरा गिअर, पाय ब्रेकवर, किल्ली आहे तिथेच.